बेळगावहून आखेनला: ओतकामाचं शिक्षण, कागदपत्रं आणि सीमेवरचा युरोप

अनगोळची_लेक

नमस्कार मंडळी.

सीमाभागातून जर्मनीला शिकायला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे निरोप मला सारखे येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते. पुण्या-मुंबईच्या मुलांनी लिहिलेली माहिती जालावर भरपूर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरातून निघताना जे आडवं येतं, ते मात्र कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

माझी शाळा मराठी माध्यमाची. कन्नड थोडं शाळेत आलं, बरंचसं गल्लीत खेळता खेळता. पुढे बेळगावातच मेकॅनिकल, व्हीटीयूची म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची पदवी. बाबा उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे बनवायला आहेत. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेटपर्यंत जायचे, तेव्हापासून ओतकाम हा विषय डोक्यात बसलेला. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात ओतकामाची स्वतंत्र संस्था आहे हे कळल्यावर मी दुसरीकडे फारसं पाहिलंच नाही. सध्या तिथेच मास्टर्स करते आहे, जर्मन माध्यमातून.

बहुतेक जण इंग्रजी अभ्यासक्रम शोधतात आणि म्हणून सगळी गर्दीही तिथेच होते. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून जर्मन सुरू केलं. आधी टिळकवाडीत एका खासगी क्लासला, मग ऑनलाइन, शेवटी टेस्टडाफ परीक्षा. चारही भागांत चौथी पातळी मिळाली की बहुतेक विद्यापीठांना ती पुरते. आपल्या मुलांना कळकळीनं सांगते, भाषेला घाबरू नका. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू किंवा कोकणी, वर्गात इंग्रजी असंच आपण वाढतो. समोरचा माणूस बघून भाषा बदलायची हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. चुकीचं का होईना पण बोलायला सुरुवात करायची, ही सवय इथे फार कामाला येते.

पहिल्या सत्रातला एक प्रसंग सांगते. साच्याच्या वाळूच्या चाचण्यांचं प्रात्यक्षिक होतं. ओलावा मोजायचं यंत्र, नमुना दाबून त्याची ताकद मोजायचं यंत्र, सगळं मांडून ठेवलेलं. पण प्रयोगशाळेतल्या वयस्क तंत्रज्ञांनी आधी मिक्सरमधली मूठभर वाळू उचलली, आवळली आणि मूठ उघडली. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते. मग तो गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडला आणि मोडलेली कड निरखली. कड धरून राहिली, भुगा झाला नाही, म्हणजे वाळू ठीक. बाबा रोज सकाळी पहिला साचा भरायच्या आधी नेमकं हेच करतात. नंतर यंत्रानं ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास दाखवला. माझे वडील भारतात हेच काम करतात असं मी सांगितल्यावर त्यांनी मला पुढे बोलावलं आणि पुढच्या खेपेची वाळू मलाच तपासायला दिली. उद्यमबागेतल्या, मच्छेतल्या कामगारांच्या हातात जे ज्ञान आहे, ते इथे विद्यापीठात शिकवलं जातं. बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांच्या मुलांनी हा विषय कमी लेखू नये, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे सगळी हुशार मुलं कॉम्प्युटरकडे वळतात आणि ओतकामाला माणूस मिळत नाही, हे बरं नाही.

आता कागदपत्रं. आपली खरी दमछाक इथे होते.

१ नोव्हेंबर २०१४पासून शहराचं नाव सरकारी कागदांवर बेळगावी झालं. माझ्या जन्मदाखल्यावर आणि प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर जुनं नाव, पासपोर्टवर आणि पदवीवर नवं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण इथल्या एका कार्यालयात बाईंनी मला सरळ विचारलं, ही दोन वेगळी गावं आहेत का? निघण्यापूर्वी दोन्ही एकच शहर असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून आणलं होतं, म्हणून काम लगेच झालं. ते जरूर करून घ्या. आडनावाचं आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही असंच. कन्नड नोंदीवरून इंग्रजीत उतरवताना आपल्या नावांची रूपं बदलतात. आधार, गुणपत्रिका आणि पासपोर्ट समोरासमोर ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहा, आणि हे शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करा.

भारतीय पदवीधरांना १ नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक आहे. तुमची पदवी खरी आहे याची ही पडताळणी, दिल्लीहून होते, शुल्क १८,००० रुपये. याच्याशिवाय विद्यार्थी व्हिसा नाही. काही विद्यापीठं प्रवेशाच्या अर्जालाच ते मागतात, तेव्हा सगळ्यांत आधी याच्या मागे लागा.

व्हिसासाठी पणजी आपल्याला जवळ, पुणे रात्रीच्या बसच्या अंतरावर. पण पत्ता कर्नाटकातला, त्यामुळे आपण बंगळूरच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. ओळखीच्यांनी पुण्यात सहज काम केलं म्हणून तिथली तारीख शोधत बसू नका. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. व्हीटीयूचं मुख्यालय मच्छेजवळ ज्ञानसंगमला आहे. बंगळूर, मंगळूरची मुलं ट्रान्स्क्रिप्टसाठी बेळगावकडे डोळे लावून बसतात आणि आपण स्कूटरवरून जाऊन विचारून येऊ शकतो.

आखेन मला आवडलं त्याचं मोठं कारण म्हणजे ते सीमेवरचं गाव आहे. पश्चिमेला वाल्स हे डच गाव अगदी चिकटून, सिटी बस थेट तिथे जाते. त्याच्या वरच्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तिघांच्या हद्दी भेटतात. टेकडी ३२२ मीटरची, आणि नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवरचं तेच सर्वांत उंच ठिकाण. राजहंसगड चढणाऱ्याला चढ जाणवणारही नाही. १८१६ ते १९२० या काळात इथे चौथा तुकडाही होता, तटस्थ मोरेने. तिथल्या जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि नेदरलँड्स यांचं एकमत होईना, म्हणून ती जागा कुणाच्याच पूर्ण ताब्यात दिली नाही. धातूचा अभ्यास करणाऱ्या मला हे वाचून तिथे जाणं भागच होतं.

पण ज्या गावानं मला हलवून सोडलं ते युपेन. आखेनहून बसनं तासाभराच्या आत, बेल्जियममध्ये. भाग जर्मन भाषिकांचा. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं तो जर्मनीकडून बेल्जियमला गेला, १९४०मध्ये नाझींनी परत घेतला, युद्ध संपल्यावर पुन्हा बेल्जियमकडे आला. आज नऊ नगरपालिका मिळून जेमतेम ऐंशी हजार लोक. आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी. तरी त्यांची स्वतःची विधानसभा आहे, २५ सदस्यांची, आणि शिक्षणाचे निर्णय ती घेते. जर्मन ही बेल्जियमच्या तीन राजभाषांपैकी एक. १९२७पासून चालणारं त्यांचं दैनिक आहे, ग्रेन्झ-एको. ते हातात घेतल्यावर मला आमच्या घरी येणाऱ्या तरुण भारतची आठवण आली.

मी तिथे नगरपालिकेच्या दाराशी उभी राहून सूचनाफलक वाचला. जर्मनमध्ये, आणि तिथे राहणाऱ्या फ्रेंच भाषिकांसाठी फ्रेंचमध्येही. शाळेत मुलं जर्मनमधून शिकतात आणि लहान वयापासून फ्रेंचही शिकतात. मातृभाषा सुरक्षित आहे, म्हणून शेजाऱ्याची भाषा शिकताना कुणाला आपण हरलो असं वाटत नाही. मला कन्नड येतं, आवडतं, माझ्या जवळच्या मैत्रिणी कन्नड बोलणाऱ्या आहेत. तरीही माझ्या आजीला रेशनचा किंवा सातबाऱ्याचा कागद वाचता येत नाही आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, हे मला टोचतं. जिथे अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९५६पासून केंद्राच्या धोरणात आहे. युपेनमध्ये ते प्रत्यक्षात कसं दिसतं ते मी पाहिलं, आणि ते शक्य आहे याची मला खात्री पटली.

प्रश्न असतील तर विचारा. जमेल तशी उत्तरं देईन.

---

कडोली_कट्टा

लै भारी लिव्हलंयस गे. वाळूचं वाचून अंगावर काटा आला. मी पण वीस वर्षं मोल्डिंग केलोय, आमच्या हातातलं तिकडं शिकवतात म्हटल्यावर बरं वाटलं. आमचा धाकटा ह्या वर्षी डिप्लोमा सुटूलालाय, खरं त्याला काय करायचं कळंना. डिप्लोमावर तिकडं जाता येतंय काय?

---

खानापूरकर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. पैशाचं जरा फोड करून सांगाल का? जर्मनीत शिक्षण फुकट असं सगळे म्हणतात आणि मग बारा लाख दाखवायला लागतात असंही म्हणतात. शेतकरी घरातल्या मुलानं यातलं काय खरं धरायचं?

---

अनगोळची_लेक

@कडोली_कट्टा काका, डिप्लोमावर थेट मास्टर्स होत नाही, त्याला पदवी लागते. पण जर्मनीत आउसबिल्डुंग नावाची पद्धत आहे, कारखान्यात काम आणि व्यवसाय-शाळा दोन्ही एकत्र. साधारण तीन ते साडेतीन वर्षं आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. फाउंड्रीचीही अशी शाखा आहे. अट एकच, जर्मन चांगलं हवं, बी-१ तरी, बी-२ असेल तर उत्तम. तुमच्याबरोबर शॉपमध्ये वावरलेला मुलगा असेल तर त्याला हे फार मानवेल. त्याला माझ्याशी बोलायला सांगा.

@खानापूरकर, दोन्ही खरं आहे. आखेन ज्या राज्यात आहे तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, फक्त दर सत्राला काही शे युरोंची वर्गणी. सगळीकडे असं नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७पासून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४-२५पासून शुल्क सुरू केलं, मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो. तेव्हा जर्मनी म्हणजे फुकट, असं गृहीत धरू नका.

बारा लाखांची गोष्ट म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो. ते फी म्हणून जात नाहीत, तुमचेच राहतात. इथे आल्यावर महिन्याला ९९२ युरो असे तुमच्या खात्यात येतात आणि त्यावर तुम्ही जगता. त्यातून भाडं, वसतिगृहात मिळालं तर तीनशेच्या आसपास, बाहेर त्याहून बरंच जास्त. वसतिगृहाची यादी लांब असते, प्रवेशपत्र हातात पडायची वाट न बघता नाव नोंदवा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना आरोग्य विमा महिना १४०-१५० युरो. बाकीच्यात जेवण आणि इतर. घरी स्वयंपाक करणाऱ्याचं भागतं.

आम्ही घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घेतलं. बाबांनी सही केली ती रात्र मला विसरता येत नाही, म्हणून तुम्हाला तळमळीनं सांगते, कर्जाचा आकडा ठरवताना पहिल्या वर्षी नोकरीचा एक पैसाही धरू नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, ही मर्यादा मार्च २०२४पासून वाढवली आहे. किमान वेतन जानेवारी २०२६पासून ताशी १३.९० युरो. पण पहिल्या सत्रात भाषा, परीक्षा, कार्यालयांच्या फेऱ्या यांतच जीव जातो. दुसऱ्या वर्षी संस्थेतच सहायक म्हणून काम मिळालं तर अभ्यास आणि कमाई दोन्ही होतं. माझं आता तसंच चाललं आहे.

---

निपाणीची_आई

ताई, माझी मुलगी बारावीला आहे. इंजिनिअरिंग निपाणी-बेळगावकडेच करावं की महाराष्ट्रात, असा घरात वाद आहे. पुढे बाहेर जायचं तर कशानं फरक पडतो? आणि मुलगी एकटी राहते तेव्हा काळजी वाटत नाही का? जेवणाचं काय करता?

---

चंदगड_सीमा

काकू, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात एमकेबी म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभाग असा स्वतंत्र उमेदवार प्रकार आहे. महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांमधला रहिवास आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. सीईटी मात्र द्यावीच लागते. दाखल्याचं काम बारावीच्या परीक्षेआधीच मार्गी लावा. निकालानंतर सगळेच रांगेत येतात.

---

अनगोळची_लेक

काकू, जर्मन विद्यापीठ कर्नाटक की महाराष्ट्र हे बघत नाही. विषयांचा मेळ आणि गुण बघतं. गुण बदलायचं सूत्रही ठरलेलं आहे: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. उत्तर एकच्या जितकं जवळ तितकं चांगलं. तेव्हा घरी राहून मन लावून शिकेल तिथे शिकू द्या.

काळजीचं म्हणाल तर, रात्री प्रयोगशाळेतून उशिरा बसनं परत येते आणि मला भीती वाटत नाही. आईला पहिले काही महिने झोप नव्हती. तिला धीर आला तो शेजारच्या खोलीतल्या पोलिश मुलीशी व्हिडिओवर ओळख झाल्यावर. शेजारी कोण राहतं, आजारी पडल्यावर कोणाला बोलवायचं, एवढं कळलं की आईबापांना पुरतं. तुमच्या मुलीला आल्या आल्या शेजाऱ्यांशी ओळख करायला सांगा.

जेवण घरीच. तुरीची डाळ, पोहे, ज्वारीचं पीठ आशियाई दुकानात मिळतं. भाकरी मी इथे येऊन जमवली. आपल्या बासमतीची चव कुठल्याच तांदळाला नाही, ते दुःख आहेच. कुंदा कुणी बेळगावहून आलं की येतो आणि त्याच दिवशी संपतो.

---

माजी_मास्तर

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर मी सहमत नाही. आयुष्यभर सीमाभागात मराठी शाळेत शिकवलं आहे म्हणून बोलतो. युपेनचं कौतुक वाचून कुणाला वाटेल की सीमा कुठेही असू दे, सोयी मिळाल्या की प्रश्न मिटला. महाजन आयोगानं १९६७ साली अहवाल दिला, त्यात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला सुचवली, बेळगाव शहर मात्र कर्नाटकात ठेवलं. ते महाराष्ट्रानं मान्य केलं नाही. २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. लोकांची इच्छा काय हा मूळ प्रश्न आहे. तुमच्या युपेनच्या लोकांना तरी कुणी विचारलं होतं का? आणि बेल्जियममध्ये भाषेवरून सगळं गोडीगुलाबीनं चाललंय, यावर माझा विश्वास नाही.

---

ल्युव्हेनचा_शहापूरकर

सरांची शंका रास्त आहे. मी ल्युव्हेनमध्ये पीएचडी करतो, म्हणून थोडी भर घालतो.

इथलं विद्यापीठ १४२५चं. गाव डच भाषिक फ्लँडर्समध्ये, पण विद्यापीठात फ्रेंच विभागही होता. १९६०च्या दशकात डच भाषिक विद्यार्थ्यांनी फ्रेंच विभाग इथून जावा म्हणून आंदोलन केलं आणि त्या वादात १९६८ साली देशाचं सरकार पडलं. विद्यापीठ दुभंगलं. फ्रेंच विभागासाठी भाषासीमेपलीकडे ल्युव्हें-ला-न्यूव्ह हे गावच नव्यानं वसवलं. ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा दोघांत वाटली गेली. मी रोज त्या ग्रंथालयात बसतो आणि पुस्तकांची वाटणी करणाऱ्या माणसांच्या मनात काय आलं असेल याचा विचार करतो. मला ते भयंकर वाटतं.

---

अनगोळची_लेक

@माजी_मास्तर सर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. युपेनच्या लोकांना १९२०मध्ये विचारलं होतं, पण कसं ते ऐका. ज्यांना बेल्जियम नको त्यांनी नाव-पत्त्यासह उघड नोंदवहीत सही करायची. रेशनकार्ड जाईल, हद्दपार करतील ही भीती. सुमारे ३४ हजार मतदारांपैकी फक्त २७१ जणांनी सही केली आणि लोकांची हरकत नाही असं जाहीर झालं. तो कौल खरा होता असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांना स्वतःची परिषद मिळायला १९७३ उजाडलं, म्हणजे अर्धं शतक गेलं.

आणि आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारं ठिकाण युपेन नाहीच, ते फूरेन आहे. बेल्जियममधल्या सहा खेड्यांचा पट्टा, आखेनहून सायकलनं जाता येतं. १९६३मध्ये भाषासीमा आखताना तो लिएज प्रांतातून काढून डच भाषिक लिम्बुर्ग प्रांतात घातला. तिथले बरेच लोक फ्रेंचकडे झुकलेले, त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. मोर्चे, हाणामाऱ्या, पाट्यांवर रंग फासणं, सगळं झालं. डच बोलायला नकार देणाऱ्या नगराध्यक्षावरून, त्यांचं नाव जोसे आपार, १९८७मध्ये देशाचं सरकार पडलं. मी गेले तेव्हा सफरचंदाच्या बागा, ओढे आणि शांत रस्ते. एका पाटीवर एका भाषेतलं नाव रंगानं खोडलेलं दिसलं आणि मला आपल्या हद्दीवरचा कोगनोळी नाका आठवला. डिसेंबर २०२२मध्ये सीमावादावरून दोन्हीकडच्या बस बंद ठेवल्या तेव्हा माझी मावशी कागलला अडकली होती.

तुमचा न्यायाचा मुद्दा मी सोडलेला नाही, सर. न्यायालयाचा निकाल यायचा तेव्हा येईल. पण तोवर आज पहिलीत बसलेल्या मुलाला मराठी शिक्षक हवा आणि आजीला वाचता येईल असा कागद हवा. घटनेच्या ३५० अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगितली आहे. हे मागणं म्हणजे दावा सोडणं, असं मला वाटत नाही.

---

माजी_मास्तर

२७१चा आकडा मला नवीन होता. धन्यवाद. पहिलीतल्या मुलाचा मुद्दा मान्य. आमच्या गावच्या शाळेत आज दोन शिक्षकांवर सात वर्ग आहेत. पुढच्या वेळी बेळगावला आलीस की आमच्या मुलांशी बोलायला ये. हे सगळं नकाशासह त्यांना सांग.

---

अनगोळची_लेक

नक्की येते, सर. फूरेनचा आणि युपेनचा नकाशा मोठा छापून आणते.

---

खानापूरकर

फिरण्याबद्दलही लिहा की. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असं.

---

अनगोळची_लेक

जर्मनीचा निवास परवाना हातात आला की शेन्गेनमधल्या इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा. हद्दीवर कुणी विचारत नाही असं समजून पासपोर्ट घरी ठेवू नका. सप्टेंबर २०२४पासून जर्मनीनं सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे. लिएजहून परतताना आमची बस थांबवून एकेकाचे कागद पाहिले होते. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ हवं.

जर्मनीत डॉइचलांड-टिकिटावर सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम चालतात. २०२५मध्ये ५८ युरो होतं, जानेवारी २०२६पासून महिना ६३. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते सत्राच्या वर्गणीतच सवलतीत मिळतं. जलद आयसीई गाडीला ते चालत नाही. गाडीला तासाभराहून उशीर झाला तर साध्या तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मिळतात. अर्ज करा, संकोच करू नका. इथे राहणारे म्हणून आपल्याला इंटररेल पास घेता येतो. युरेल हा युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी.

मला मनापासून सुचवावीशी वाटणारी सहल लक्झेंबर्गची. तिथे २९ फेब्रुवारी २०२०पासून देशभर सार्वजनिक वाहतूक मोफत आहे. बसनं मोझेल नदीकाठच्या शेन्गेन या खेड्यात जा. १४ जून १९८५ला पाच देशांनी तिथे बोटीवर बसून करार केला. द्राक्षांचे मळे, पलीकडच्या काठावर जर्मनी, थोडं वर फ्रान्स. तिथून पुढे जर्मनीत फ्योल्कलिंगेनचा जुना लोखंडाचा कारखाना. १९८६मध्ये भट्ट्या थंडावल्या आणि १९९४मध्ये तो जागतिक वारसा झाला. भट्टीच्या वर चढता येतं. कोक आणि खनिज वाहणारे लटकते डबे जसेच्या तसे आहेत. मी बाबांना तिथून व्हिडिओ लावला आणि ते मला एकेक यंत्र ओळखून सांगत होते. पॅरिस-रोमला सगळे जातातच, फाउंड्रीवाल्यांच्या मुलांनी आधी इथे जावं.

---

ल्युव्हेनचा_शहापूरकर

बेल्जियमच्या गाड्यांबद्दल एक सांगतो, नवख्यांची पंचाईत होते. ब्रुसेल्सबाहेर घोषणा त्या त्या भागाच्या भाषेतच होते. युपेनहून ओस्टेंडला जाणाऱ्या गाडीत आधी जर्मन, मग फ्रेंच, मग डच, ब्रुसेल्सला दोन्ही, पुन्हा डच. गावांची नावंही बदलतात. लिएजला जायचं असेल तर इकडे फलकावर लुइक शोधा, मॉन्सचं बेर्खेन होतं.

आणि पैशाची अडचण असलेल्यांनी इरास्मुस मुंडुस नक्की बघा. दोन-तीन देशांतली विद्यापीठं मिळून एक मास्टर्स देतात. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिना १,४०० युरो. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत. स्पर्धा कडक आहे, पण प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळा अर्ज करता येतो. आमच्या शहापुरात विणकरांच्या घरातली हुशार मुलं आहेत. वस्त्रतंत्रातले अभ्यासक्रमही त्यात असतात.

---

कडोली_कट्टा

आउसबिल्डुंगचं धाकट्याला सांगितलं. रविवारी त्यो तुला फोन करतंय म्हणालाय. बेळगावात जर्मनचा क्लास कुठला बरा, तेवढं सांग गे.

---

अनगोळची_लेक

काका, क्लासचं नाव इथे उघड लिहीत नाही, निरोपात पाठवते. पहिल्या पातळीला बेळगावातला क्लास पुरेल. पुढे बी-१ची परीक्षा पुण्याच्या किंवा बंगळूरच्या मॅक्स म्युलर भवनात द्यायची. परीक्षेला कक्षेची अट नाही, पुण्याला गेला तरी चालतं. रविवारी तुमच्या दुपारी दोननंतर फोन करायला सांगा. त्याची डिप्लोमाची गुणपत्रिका आणि पासपोर्ट असेल तर तो, दोन्ही समोर घेऊन बसू दे. नावाचं स्पेलिंग आधी तेच बघू.